कारणाच्या रकान्यातला शब्द

थोआबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका विद्यार्थ्याच्या वाक्यावर बोट ठेवून विचारत होत्या, "हा शब्द इथे काय जेवायला आलाय?" मुलगा गोंधळून म्हणाला की सगळेच तसं लिहितात. "मग सगळ्यांकडचे पंगतीतून उठव," म्हणून त्यांनी तो शब्द खोडला आणि पुढच्या ओळीवर गेल्या.

कॅन थो शहरातल्या आमच्या विद्यापीठात त्या शास्त्रीय लेखन शिकवायच्या. प्रबंध शेतीचा असो, कोळंबीचा असो की वैद्यकाचा, बांधणीला जाण्याआधी तो भाषेसाठी त्यांच्या टेबलावरून जायचा. विशेषणं त्यांना खपायची नाहीत. 'अत्यंत महत्त्वाचे' असं कुणी लिहिलं की त्या विचारायच्या, नुसतं महत्त्वाचं असतं तर काय बिघडलं असतं? स्लाईडवर पूर्ण वाक्य दिसलं की त्या डोळे मिटून घ्यायच्या. शेवटच्या स्लाईडवर कुणी गुलाबाची फुलं लावून 'ऐकल्याबद्दल धन्यवाद' लिहिलं, तर त्याला भर वर्गात विचारायच्या, "वरात कधी निघणार?"

ही कापाकापी त्यांच्या घरातूनच आली होती. सा डेकजवळच्या त्यांच्या गावात त्यांचे वडील रोज सकाळी भोंग्यावर सूचना वाचायचे. लस कुठे टोचणार, कालव्याचं पाणी कधी सोडणार, असलं सगळं. वरून आलेला मजकूर लांबलचक असायचा. न्याहारीला बसल्या बसल्या ते तो छाटायचे आणि थोआ शेजारी बसून बघायची. चिखलात उभ्या असलेल्या माणसाला एका दमात कळलं पाहिजे, एवढाच त्यांचा हिशेब.

आणि 'मी'. आमच्या बोलीत नुसतं 'मी' म्हणून कुणी बोलत नाही. आईशी बोलताना माणूस स्वतःला लेकरू म्हणतो, धाकट्या भावाशी दादा किंवा ताई म्हणतो, शिक्षकांशी बोलताना धाकटा होतो. समोरचं माणूस बदललं की आपणही बदलतो. थोआबाई म्हणायच्या, कागदासमोर तुम्ही कुणाचे कुणी नाही, कागदावर फक्त 'प्रस्तुत संशोधक'. जे केलं ते 'करण्यात आले', जे दिसलं ते 'आढळून आले'. पोरं त्यांच्यामागे नकला करायची. उपाहारगृहात कुणीतरी म्हणायचं, "एक हु तियू शेवयांची वाटी मागवण्यात आली असून ती अद्याप आलेली नाही." बाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "'असून' नको. दोन वाक्यं कर."

लुआ त्यांच्याकडे आली ती सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी करायला. डोंग थापच्या पूरपट्ट्यात एका गावच्या आरोग्य केंद्रात ती परिचारिका होती. तिशी ओलांडलेली, सावळी, कमी बोलणारी. शनिवार-रविवारी बसने यायची, वर्ग झाले की परत. विषय तिने स्वतःच निवडला होता, पुराच्या दिवसांत बुडून गेलेली लहान मुलं. आमच्या नद्यांच्या मुलखात हा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही. प्रत्येक आळीत असं एखादं घर असतंच. लुआ आसपासच्या गावांतून होडीने फिरली, त्या घरांत जाऊन बसली, आयांशी बोलली आणि एकेक घटना लिहून आणली.

बाकीची मुलं बाईंशी हुज्जत घालायची. लुआ घालत नव्हती. बाईंनी जे खोडलं ते तिने काढलं, जे सुचवलं ते जसंच्या तसं घातलं. मी तेव्हा त्याच विद्यापीठात शिकवत होते; थोआबाई मला कौतुकाने म्हणाल्या होत्या, "खुए, एवढी एकच मुलगी आहे बघ, माझ्याशी भांडत नाही." मला तेव्हा त्यात वेगळं काही वाटलं नाही.

तिच्या पहिल्या मसुद्यात एकेका घटनेचं वर्णन अर्धं-अर्धं पान होतं. घरात पाणी किती चढलं होतं, फळी कुठे टाकली होती, आजी कुठे होती, चुलीवर काय होतं. बाईंनी तिला समजावलं की ही गोष्ट झाली, नोंद नाही. परीक्षकाला तक्ता हवा असतो. मग दोघींनी बसून तक्ता केला. वय, महिना, ठिकाण, कारण. कारणाच्या रकान्यात एक-दोन शब्दच मावत होते, म्हणून बाईंनी तिची वर्णनं वाचत वाचत स्वतःच ते शब्द सुचवले. लुआने ते उतरवून घेतले. तिच्या विषयाच्या मार्गदर्शक सरांनी सही केली. त्यांच्याकडे त्या वर्षी विद्यार्थी भरपूर होते आणि तक्ता सुबक दिसत होता.

मौखिक परीक्षेच्या दिवशी लुआ निळ्या आओ दायमध्ये, समारंभाच्या लांब अंगरख्यात आली. समितीच्या टेबलावर रिवाजाप्रमाणे पाण्याच्या बाटल्या आणि लोंगान फळांची ताटली मांडली होती. तिच्या केंद्रातल्या दोघी मैत्रिणी फुलांचे गुच्छ घेऊन मागे बसल्या होत्या, निकाल लागला की द्यायला. थोआबाई शेवटच्या रांगेत होत्या. आपण हात लावलेल्या प्रबंधाच्या परीक्षेला त्या नेहमी येऊन बसायच्या, पण तिथे त्यांना बोलायचा अधिकार नसायचा. मी समितीची सचिव होते. काय बोललं जातंय ते लिहून घेणं माझं काम.

लुआने सादरीकरण चांगलं केलं. घड्याळ सांभाळलं, स्लाईड वाचून दाखवल्या नाहीत, आवाज एका पट्टीत ठेवला. मग प्रश्न सुरू झाले. बाहेरून बोलावलेले परीक्षक डॉ. क्वांग मुलांचे डॉक्टर होते. त्यांनी तिला तक्त्याच्या स्लाईडवर परत जायला सांगितलं.

कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बहुतेक ठिकाणी एकच मजकूर होता, 'आईचा निष्काळजीपणा'. भिंतीभर पडद्यावर तो एकाखाली एक उतरत गेला होता.

डॉक्टर म्हणाले की बाकी काम नीट आहे, पण हे मोजलं कसं ते त्यांना कळत नाही. ताप मोजता येतो, पाण्याची खोली मोजता येते; निष्काळजीपणा कुठल्या मापाने मोजला?

"असे निश्चित करण्यात आले," लुआ म्हणाली.

"कोणी निश्चित केलं?"

डॉक्टरांनी आवाज न चढवता एक घटना निवडली. अकरावी. मुलगा, चार वर्षं, महिना सप्टेंबर, घरामागचा कालवा, आईचा निष्काळजीपणा. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. मग विचारलं, "या बाईंना तुम्ही भेटलात तरी का? की कुणी सांगितलं तेच लिहिलंत?"

लुआ पडद्याकडे वळली, जणू उत्तर तिथेच लिहिलेलं होतं. मग समितीकडे तोंड करून म्हणाली, "ती आई मीच आहे, सर."

मी ते लिहून घ्यायला सुरुवात केली आणि 'मीच' या शब्दावर माझा हात थांबला. डॉक्टर क्वांग अर्धवट उठले, मग काय करावं हे न कळून पुन्हा बसले. मागे तिच्या मैत्रिणींपैकी एकीने गुच्छ मांडीवरून खाली ठेवला. तिला हे माहीत असणार. पण लुआ इथे, या लोकांसमोर, हे सांगेल असं तिला वाटलं नव्हतं. तक्ता पडद्यावर तसाच होता. तो बंद करायचं कुणालाही सुचलं नाही.

मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. थोआबाई पडद्याकडे बघत होत्या.

अध्यक्षांनी घाईघाईने मधली सुट्टी जाहीर केली.

मी बाहेर आले तेव्हा थोआबाई लुआजवळ पोचल्या होत्या. लुआ कठड्याला टेकून उभी होती, रडत नव्हती. बाईंनी दोनदा वाक्य सुरू करून सोडलं. इतक्या वर्षांत त्यांना शब्द शोधताना मी पाहिलं नव्हतं.

"लुआ, तो शब्द तुझा की माझा?" त्यांनी विचारलं.

"तुमचा, बाई."

"मग तू बोलली का नाहीस? एका ओळीत सांगायचंस. मी खोडला असता."

"बाई, तो गेल्यापासून मी मनात तेच म्हणत होते. दुसरं कुणी कधी म्हटलं नाही. नवऱ्याने नाही, सासूने नाही. तुम्हाला तर काही माहीतही नव्हतं. नुसतं वाचून तुम्ही तो शब्द लिहिलात. मला वाटलं, परक्या माणसालाही दिसतंय, म्हणजे खरंच असणार."

थोआबाई खाली बसल्या. कॉरिडॉरमध्ये, फरशीवर, विद्यार्थी येत-जात असताना. मी त्यांना उठवायला वाकले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. लुआच त्यांच्याशेजारी उकिडवी बसली आणि तिने आपल्या बाटलीतलं पाणी त्यांना दिलं. हे दृश्य बघणं फार अवघड होतं. ज्या बाईचं मूल गेलं होतं ती दुसरीची समजूत घालत होती.

मी आत गेले तेव्हा समितीचं बोलणं सुरू झालं होतं. संशोधकाने आपली स्वतःचीच घटना नोंदवली आणि ते सांगितलं नाही, हा दोष होता. त्यात कुणाचं दुमत नव्हतं. एक सदस्य म्हणाले, ती घटना काढून टाका, उरलेल्यांवर निकाल द्या, बिचारीला आणखी त्रास नको. आपण प्रश्न विचारायलाच नको होता असं डॉक्टर क्वांग दोनदा पुटपुटले. अध्यक्ष घटना वगळण्याच्या बाजूला झुकत होते, तेवढ्यात थोआबाई दार उघडून आत आल्या.

त्यांनी बोलायची परवानगी मागितली. तशी पद्धत नाही, असं अध्यक्ष म्हणाले. पद्धत मला ठाऊक आहे, तरी दोन वाक्यं बोलू द्या, असं बाई म्हणाल्या. अध्यक्षांनी मान हलवली.

"निष्काळजीपणा हा शब्द मी लिहिला," त्या म्हणाल्या. "अकराव्या घटनेत, आणि जिथे जिथे तो आहे तिथे सगळीकडे. या मुलीने काय घडलं ते लिहिलं होतं. मी छोटं करायच्या नादात दोष कुणाचा ते लिहून बसले. हे माझं वाक्य आहे, तिच्या नावावर धरू नका."

ती दोन वाक्यं नव्हती, पण कुणी मोजली नाहीत. मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. एक घटना काढून प्रश्न सुटणार नव्हता, हे आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं. निष्कर्षाच्या प्रकरणात पहिलीच ओळ होती की बहुतांश मृत्यूंमागे आईचा निष्काळजीपणा आढळून आला. तो आढळलाच नव्हता. तो जागा वाचवायला घातलेला शब्द होता. पुढे तो टक्केवारीत गेला, रंगीत आलेखात गेला, आणि त्याखालच्या शिफारशींत 'मातांचे प्रबोधन' होऊन बसला. मार्गदर्शकांनी तो वाचला होता, मीही वाचला होता. भाषा इतकी स्वच्छ होती की कुणाला खटकलं नाही.

डॉक्टर क्वांग यांनी लुआचा पहिला मसुदा मागवला. तो वाचून ते म्हणाले की अकरावी घटना राहू द्या. संशोधकाचं नातं उघड करा, तिला गणतीतून वेगळी दाखवा आणि कारणाचा रकाना पहिल्यापासून पुन्हा करा. प्रबंध दुरुस्तीसाठी परत गेला. निकाल लागला नाही. मैत्रिणींनी फुलं तरीही लुआच्या हातात दिली.

त्यानंतर लुआ सुट्टीच्या दिवशी थोआबाईंच्या घरी यायला लागली. मलाही बाईंनी बोलावून घेतलं. मला वाटतं, एकटीने तिच्यासमोर बसायची त्यांना भीती वाटत होती. पहिल्याच दिवशी बाईंनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "अकराव्या घटनेत तू 'मी' लिही. मी बघते कोण हरकत घेतं ते."

"नको, बाई."

"अगं, तुझंच आहे ते. तुझ्या तोंडून येऊ दे."

"'मी' असतं तर मला एक ओळ लिहिता आली नसती," लुआ म्हणाली. "तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलंत ना, कागदावर कुणी कुणाचं नाही. म्हणून तर मी बसले लिहायला. मुलगा, चार वर्षं, सप्टेंबर. असं लिहिलं तेव्हा कुठे हात चालला. ते काढू नका. तेवढा एक शब्द काढा."

थोआबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आपल्या नियमांनी या मुलीची गळचेपी केली असं धरून त्या कित्येक दिवस झोपल्या नव्हत्या, आणि ही सांगत होती की त्या नियमांच्या आडोशाला बसूनच ती लिहू शकली. मला वाटतं, परीक्षेच्या दिवसापेक्षा या बोलण्याने बाई जास्त हादरल्या. माफी मागायची ती नक्की कशाची, हेच त्यांना कळेनासं झालं. मग त्यांनी चष्मा चढवला आणि लुआपुढे एक वाक्य लिहिलं: 'घटना अकरामधील आई ही प्रस्तुत संशोधक आहे.'

लुआने ते वाचलं. "हे चालेल," ती म्हणाली. "हे मला वाचता येतं."

कारणाचा रकाना काढून तिथे 'त्या वेळी घरात काय चालू होतं' असा रकाना आला. तक्ता कुरूप झाला. ओळी एकमेकींवर चढल्या, एक पान आडवं छापावं लागलं. पण तो भरत गेला तसं आम्हाला काहीतरी दिसायला लागलं. अकराव्या घटनेत आई मासे धरायचं जाळं उचलत होती. आई भिजलेला भात उंचावर चढवत होती. आई तापाने फणफणलेल्या सासूला पाणी पाजत होती. आई विटांवर चूल मांडत होती. घराघरात एकाच बाईला एकाच वेळी दोन-तीन कामं होती आणि पाणी दारात होतं. घरातलं दुसरं मोठं माणूस सैगॉनला बांधकामावर, नाहीतर आजारी. लुआच्या आधीच्या मसुद्यात हे सगळं होतंच. आता निष्कर्षात आलं की पाणी चढलेलं असताना लहान मुलांना दिवसा ठेवायला गावात जागा नाही. शिफारशीही मग तशाच बदलल्या.

ऑगस्टमध्ये समितीने प्रबंध मान्य केला. डॉक्टर क्वांग यांनी आपल्या अभिप्रायात एकच ओळ लिहिली होती, की तक्ता वाचायला वेळ लागतो आणि तो लागायला हवा.

सप्टेंबरच्या शेवटी लुआने आम्हाला गावी बोलावलं. रस्ता संपला तिथून पुढे तिची मैत्रीण होडीने घेऊन गेली. घर खांबांवर होतं, पाणी फळ्यांच्या जेमतेम खाली. लुआच्या सासूबाईंनी लिन्ह मासे आणि दियेन दियेनच्या पिवळ्या फुलांचं आंबट सार केलं होतं. लुआची धाकटी मुलगी थोआबाईंना चिकटून बसली आणि त्यांच्या ताटातली फुलं वेचून खायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "खाऊ दे हो तिला. घरच्या ताटात मात्र खात नाही."

जेवण झाल्यावर थोआबाई हात धुवायला मागच्या दाराशी गेल्या. मी त्यांच्यामागे होते. दारातून खाली तीन पायऱ्या, त्यांतली एकच पाण्याबाहेर. समोर बांबूच्या काठीला चौकोनी जाळं टांगलेलं होतं.

"हेच का ते जाळं?" बाईंनी हळूच विचारलं. लुआ मागून आली होती. ती हो म्हणाली.

"मला वाटलं होतं, कालव्याच्या पलीकडे असेल."

"नाही, बाई. हेच."

थोआबाईंनी हात पुढे केला. एक पाऊल टाकलं असतं तर त्यांचा हात काठीला लागला असता. त्या तशाच उभ्या राहिल्या, हात पुढे धरून, तोंड अर्धवट उघडं. एवढ्या अंतरात, पाठ फिरवण्याएवढ्या वेळात, ते घडलं होतं. आम्ही दोघींनी ते वर्णन किती वेळा वाचलं होतं, त्यातले स्वल्पविराम तपासले होते. पण ते इतकं जवळ असेल हे आमच्या डोक्यात आलंच नव्हतं. लुआने पहिल्या मसुद्यात लिहिलंही होतं: 'आई हाताच्या अंतरावर होती.' ते वाक्य अलंकारिक वाटतं म्हणून बाईंनी काढलं होतं.

परतताना होडी धक्क्याला लागल्यावर त्या मला म्हणाल्या, "खुए, मीही उचललं असतं गं जाळं. दुसरं काय केलं असतं?"

पुढच्या पुरात त्या गावाने भाताच्या कोठारावरची एक खोली मुलांसाठी मोकळी केली. दोन म्हाताऱ्या आणि आरोग्य केंद्रातली एकजण आळीपाळीने तिथे बसायच्या. लुआने त्याचा अहवाल लिहून बाईंकडे पाठवला. बाईंनी तो भाषेसाठी तपासला. विशेषणं काढली, 'करण्यात आले' तसंच ठेवलं आणि एका वाक्यापाशी थांबून लुआला फोन लावला. "इथे मुलं 'आनंदी' होती असं लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "काय करत होती ते सांग. मग ठरवू."

पलीकडून लुआ बराच वेळ सांगत राहिली. बाई ऐकत राहिल्या, मध्ये एकदाही तिला तोडलं नाही.